पोरगा सोळाचा होतोय: वाढदिवस घरचा की दोस्तांचा?

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न आहे. चार एकर कोरडवाहू, कपाशीत तूर. मुलगा दहावीत, डिसेंबरच्या मध्यात सोळा वर्षांचा होईल. मागच्या वर्षी त्याच्या आईनं घरी पुरणाचा बेत केला, मामा-मावशीला बोलावलं, आणि हा रात्री साडेदहाला घरी आला. तोवर दोस्तांनी बसस्टँडच्या चौकात गाडीच्या सीटवर केक ठेवून कापला होता, फटाके वाजवले होते, पोलीस पाटलांनी येऊन हुसकावलं होतं. बापानं हात उगारला. यंदा पोरगा म्हणतो, "घरी काही करू नका, मले 3000 द्या, आमी ढाब्यावर जातो." शिवाय गाडीचा हट्ट आहेच. भाऊ विचारतात: पैसे द्यावे, की वाढदिवसच बंद करावा?

भाऊ, मी 28 वर्षं माध्यमिक शाळेत शिकवते. वऱ्हाडातल्या तीन गावांत नोकरी झाली, आणि गेली 15 वर्षं शाळेतलं समुपदेशनही माझ्याकडेच आहे. आठवी ते दहावीच्या मुलांचे वाढदिवसावरून घरात झालेले रुसवे, मार, अबोले मी इतके पाहिलेत की तुमचं पत्र वाचताना मला त्या चौकातला केकसुद्धा दिसला. उत्तर लांबेल, पण वाचा.

तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की तुमची स्वतःची जन्मतारीख 1 जून आहे. खेड्यातल्या तुमच्या-माझ्या पिढीत निम्मा वर्ग 1 जूनचा असायचा. आई सांगायची, "कापूस फुटला होता तवाचा," नाहीतर "पोळ्याच्या आदल्या रोजचा", आणि गुरुजी दाखला भरताना 1 जून लिहून मोकळे व्हायचे. म्हणजे तुमचा वाढदिवस कधी झालाच नाही. जे आपल्याला मिळालं नाही ते पोराला द्यायचं म्हणून तुम्ही पहिल्या वर्षापासून त्याचा वाढदिवस केलात, वाईट साल असलं तरी केलात. म्हणून तो जेव्हा "घरी नको" म्हणतो, तेव्हा ते तुम्हाला फक्त उद्धटपणाचं वाटत नाही. आपलं देणंच त्यानं फेकलं असं वाटतं. त्याच्या आईला तर जास्तच.

पण त्यानं ते फेकलेलं नाही. तुमचा पोरगा तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन जायचा, तो कधी बंद झाला, आठवतं? तिसरी-चौथीपर्यंत शिंगांना बेगड लावून, नवे कपडे घालून घरोघर फिरायचा, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागायचा. मग एका वर्षी म्हणाला, "मी नाई जात." तुम्ही मारलं नाही. तुम्हाला कळलं की पोरगा मोठा झाला, नंदी माळ्यावर गेला. वाढदिवसाचंही तेच आहे. तेरा-चौदानंतर मुलाला तुम्ही केलेला वाढदिवस लहानपणाचा वाटायला लागतो. त्याला दिवस नको असं नाही, तो दिवस त्याला स्वतःच्या हातात हवा असतो. तुमच्या भांडणाची गाठ एवढीच आहे. तो दिवस त्याच्या हातात द्यायचा, आणि त्याच्या कडेचं कुंपण आपण धरायचं.

एक प्रसंग सांगते. पूर्वीच्या एका गावात नववीतल्या मुलाच्या घरी मी काही कामानं संध्याकाळी गेले, त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी, पितळी ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, आईच्या बोटातली अंगठी काढून ठेवलेली. डिसेंबरचीच थंडी. निरांजनातलं तूप गोठून पांढरं झालं होतं. आई दर दहा मिनिटांनी ते ताट चुलीजवळ नेई आणि परत आणून ठेवी. मुलगा घराबाहेरच होता, गोठ्यामागे, तीन मित्रांबरोबर. मी जाऊन विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आत पंचवीस माणसं बसली आहेत. सगळ्यायसमोर ओवाळते. मी काय लहान आहो काय? पोट्टे हासतात मले." मी विचारलं, फक्त आईनं ओवाळलं तर? तो गप्प झाला, मग म्हणाला, "थे चालते." त्या आईला मी एवढंच सांगितलं की पुढच्या वर्षी सकाळी ओवाळा, पाहुणे यायच्या आधी. तिनं तसं केलं. तोच मुलगा मला नंतर सांगत होता की सकाळी अंघोळ करून तो स्वतःच पाटावर जाऊन बसला होता.

ही चूक मी माझ्या घरीही केली आहे. मुलगी चौदाची झाली तेव्हा मी सगळ्या सहकाऱ्यांना जेवायला बोलावलं, आणि जेवताना तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, ती अंथरूण कधीपर्यंत ओलं करायची इथपर्यंत. लोक कौतुकानं हसले. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तो माझा वाढदिवस नव्हता, तुझा होता." इतकी वर्षं मुलांना शिकवणाऱ्या बाईला हे आपल्या लेकीकडून ऐकावं लागलं, आणि ती खरं बोलत होती. तेव्हापासून पालकांना मी हे आवर्जून सांगते: या वयात मुलाला सगळ्यात जास्त भीती असते ती चारचौघांत लाज जाण्याची. लहानपणचा उघडा-नागडा फोटो स्टेटसला टाकणं, नातेवाइकांसमोर गुण विचारणं, "आता तरी सुधर" म्हणून सगळ्यांदेखत उपदेश करणं, या तिन्ही गोष्टी त्या दिवशी करू नका. फोटो टाकायचा तर त्याला दाखवून टाका.

आता यंदाचं. महिनाभर हाताशी आहे, हे फार चांगलं. आठवड्यावर आल्यावर विचारलं तर दोस्तांमध्ये त्याचा शब्द गेलेला असतो, मग तो मागे फिरू शकत नाही. आत्ताच विचारा, आणि जेवताना किंवा आईसमोर नको. शेतात जाताना, बैलबंडीवर किंवा गाडीवर मागे बसवून, जिथं दोघांचीही नजर समोर असते, तिथं मुलं जास्त बोलतात. विचारताना "यंदा काय पाहिजे?" असं नको. "यंदाचा दिवस तू ठरव, मी एवढे पैसे देऊ शकतो, यात कसं करशील ते सांग," असं म्हणा. आकडा आधी तुम्ही ठरवा, आणि तो खरा असू द्या. त्यानं 3000 मागितले म्हणून घासाघीस करून 1500 वर आणू नका, त्यानं पुढच्या वर्षी तो 5000 पासून सुरुवात करेल. घरातला हिशेब त्याला दाखवा. कापसाच्या गाडीची काटापट्टी, वेचणीची मजुरी, फवारणीची उधारी. सोळा वर्षांच्या मुलाला हे कळतं. त्याला कळू नये म्हणून आपण लपवतो आणि मग तो आपल्याला कंजूष समजतो. मात्र हे दाखवताना रडगाणं नको, "तुझ्यामुळे" हा शब्द तर मुळीच नको.

ढाब्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. तुमच्या पोराला दारू-खर्ऱ्याचं व्यसन आहे असं मी म्हणत नाही. पण रात्रीचा ढाबा, सहा-सात मुलं, तीन गाड्या आणि त्यातला एखादा थोराड मित्र, ज्याच्याकडे पैसे असतात, एवढं जमलं की एकट्यानं कधी केलं नसतं ते होतं. 2005 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. संगणकावर गाडी चालवायचा खेळ काही किशोरवयीन मुलांना एकट्यानं आणि काहींना मित्र बघत असताना खेळायला दिला. ज्यांचे मित्र बघत होते त्यांनी कितीतरी जास्त धोका पत्करला, मोठ्या माणसांत तो फरक जवळजवळ दिसला नाही. आपल्याकडे हे पानठेल्यावर रोज दिसतं. पहिला खर्रा कोणी एकट्यानं खात नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं 2003 च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण ठेलेवाला वय विचारत नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून रात्रीच्या ढाब्याला माझं उत्तर नाही असंच आहे. पण नुसतं "नाही" म्हणाल तर चौक आहेच. त्याला दुसरी, दोस्तांची म्हणता येईल अशी जागा द्यावी लागेल. तुमच्याकडे ती आहे. तुमचं शेत.

डिसेंबरात वऱ्हाडातल्या शेतासारखी पार्टीची जागा नाही. रोडग्यांचा बेत करू द्या त्यांना. तुम्ही करून घालू नका, त्यांनाच करू द्या. गोवऱ्या रचणं, भरड कणीक मळणं, गोळे निखाऱ्यात पुरून राख लोटणं, भाजले की फडक्यात घेऊन राख झटकून फोडणं आणि वर तूप. दुसऱ्या चुलीवर वांग्याची भाजी, त्यात ओल्या तुरीचे सोले. तूर तुमच्याच शेतात आहे, शेंगा तेच तोडतील आणि निम्म्या तिथंच उकडून संपवतील. दहावीची दहा-बारा पोरं या सगळ्यात तीन-चार तास गुंततात. माझ्या वर्गातल्या एका मुलानं असा वाढदिवस केला होता. कणीक पातळ झाली, पहिले चार रोडगे कोळसा झाले, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. वर्षभर वर्गात त्या जळक्या रोडग्यांचीच गोष्ट चालली होती. केक हवाच असेल तर तालुक्याच्या बेकरीतून अर्धा किलोचा आणू द्या, तो साधारण 300 च्या आसपास बसतो. त्यात काही वाईट नाही. ओवाळणं संस्कार आणि केक म्हणजे थेर, असं मला वाटत नाही. सोबतच्यांबरोबर वाटून खाल्लं की झालं.

वेळ दुपारी दोन ते साडेपाच ठेवा. अंधार पडायच्या आत आवरलं की विहीर, साप आणि रस्ता, तिन्हींची काळजी मिटते. तुम्ही तिथं बसून राहू नका, पण हाकेच्या अंतरावर असा. शेजारच्या वावरात काहीतरी काम काढा. एकदा मध्ये येऊन सगळ्यांसोबत एक रोडगा खा आणि परत जा. त्याच्या मित्रांची नावं, कोण कुणाचा, हे त्या एका रोडग्यात तुम्हाला जेवढं कळेल तेवढं चौकशी करून वर्षभरात कळणार नाही.

कुंपण म्हणजे काय ते त्याला आधीच सांगा, आणि चार-पाच गोष्टींपलीकडे जाऊ नका. तलवार, कोयता घेऊन केक नाही. त्याचे व्हिडिओ फिरतात आणि पोलीस शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल करतात, ही आपल्या जिल्ह्यांतलीच बातमी असते. लाथा-बुक्क्यांचे बंप्स नाहीत. त्यानं पोटाला, मणक्याला इजा होते, आणि ज्याचा वाढदिवस तोच दवाखान्यात जातो. केकमध्ये तोंड दाबणं नाही, मोठ्या केकला आतून काड्या लावलेल्या असतात, डोळ्याला लागतात. फेसाचा स्प्रे तर अजिबात नाही. त्यात ज्वालाग्राही वायू असतो. मेणबत्ती पेटलेली असताना कुणी स्प्रे मारला की केसांना, चेहऱ्याला भडका लागतो, आणि तुमच्याकडे तर गोवऱ्यांचा जाळही पेटलेला असणार. स्पीकर लावला तरी शेतात चालेल, गावात मात्र रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत बंदी आहे आणि ती पाळायचीच.

गाडीबद्दल तडजोड नाही, भाऊ. सोळाव्या वर्षी कायद्यानं परवाना मिळतो तो फक्त 50 सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचा, तोही पालकाच्या संमतीनं. तो मागतोय ती गाडी अठरानंतरची. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. हे त्याला धमकी म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा. पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, हा मुद्दा पोरांना दंडापेक्षा जास्त लागतो असा माझा अनुभव आहे. आणि घरची गाडी त्या दिवशी चावी काढून तुमच्याच खिशात ठेवा. मुलं एकमेकांना पोचवायला निघतात आणि एका गाडीवर तिघं बसतात.

मग भेट काय द्यायची? कपाशीतल्या तुरीची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, त्याच्या नावानं द्या. हे मी विचार करून सांगतेय. जानेवारीत तूर निघेल, ती दोन तासं त्यानं सोंगायची, वेगळी मळायची, वेगळ्या कट्ट्यात भरायची, आणि भाव काय आला ते पैसे त्याचे. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतः चालवता येईल असं बचत खातं काढता येतं, 500 रुपयांत. ते काढून द्या. दहावीच्या अभ्यासात वेळ जाईल म्हणाल, तर दोन तासं सोंगायला एक सकाळ लागते. त्या पैशातून त्यानं बूट घेतले तर घेऊ द्या. तुम्हाला पटेल तेच त्यानं घेतलं पाहिजे अशी अट घातली की ती भेट राहत नाही.

लोक काय म्हणतील, मागच्या वर्षी एवढं केलं आणि यंदा पाहुणेसुद्धा नाहीत, हे तुमच्या पत्रात दोनदा आलंय. आपल्याच अमरावतीकडच्या गाडगेबाबांनी घर सोडण्याआधी, डेबूजी असताना, मुलीच्या बारशाला दारू-मटणाची चालत आलेली रीत मोडून गोडाचं जेवण घातलं होतं. भाऊबंद नाराज झालेच. तुम्हाला तर फक्त मामा-मावशीला फोन करायचा आहे की यंदा पोरगा दोस्तांसोबत करतोय, तुम्ही संक्रांतीला या.

तुम्हाला धाकटी मुलगीही आहे, असं पत्राच्या शेवटी एका ओळीत आहे. तिचा वाढदिवस कसा होतो ते तुम्ही लिहिलं नाही. माझ्या शाळेतल्या मुलींना मी विचारते तेव्हा बहुतेक जणी सांगतात की भावाचा फ्लेक्स लागतो आणि आमचं फक्त स्टेटस लागतं. ती तेरा-चौदाची झाली की तिलाही एक दुपार द्या, मैत्रिणी घरी येऊ द्या, आणि त्या दुपारी तिला चहा करायला उठवू नका. त्या दिवशी तिची पाळी असली तरी ओवाळा. पाटावर बसलेल्या पोरीला "आज नको" म्हणणं तिच्या मनातून कधी जात नाही. पन्नाशीच्या बायकांनी मला ते डोळ्यांत पाणी आणून सांगितलंय.

एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. मुलगा घरी नको म्हणतो पण दोस्तांसोबत हवं म्हणतो, तोवर काळजीचं कारण नाही. पण एखादा मुलगा अचानक म्हणाला की माझा वाढदिवसच नको, कुणालाच सांगू नका, जेवण कमी झालं, झोप उडाली, दोस्तही तुटले, तर तो रुसवा समजू नका. शांतपणे बसून विचारा. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहेच.

राहिलं ते तुम्ही हात उगारल्याचं. वर्ष होत आलं, पण तो विसरलेला नाही. तो घरी वाढदिवस नको म्हणतो त्यात त्या रात्रीचाही वाटा आहे असं मला वाटतं. मुलांसमोर बाप चुकला असं म्हणायची आपल्याकडे सवय नाही, मला माहीत आहे. लांबलचक काही नको. शेतात जाताना, तेच बोलणं सुरू करायच्या आधी, "मागच्या साली मी तुले मारलं, थे चुकलं माझं," एवढं म्हणा आणि पुढे बैलाकडे बघा. तो काही उत्तर देणार नाही. देऊ नये असंच समजा. मग वाढदिवसाचं विचारा.

आणि त्याच्या आईला सांगा की पुरणाचा बेत राहू द्या, पण पाट मांडा. दोघांनीच असा, बाकी कुणी नको. त्या दिवशीही त्याची शिकवणी सकाळी सातलाच असेल, तेव्हा सव्वासहापर्यंत तूप वितळवून ठेवा.